जुन्या जीपचं स्टिअरिंग आणि कमानी (पाट्यांच्या स्प्रिंग): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान ८० इंची व्हीलबेसच्या जुन्या जीपसाठी आहे. म्हणजे युद्धानंतर डिस्पोजलमधून आलेल्या विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू, आणि महिंद्राने मुंबईत बांधलेल्या सीजे-३बी. माझगावात पहिली विलीज जोडली गेली ती १९४९ साली. त्या घराण्यातल्या गाड्या पुढे कित्येक वर्षं आपल्या घाटांत, शेतांवर आणि वडापवर राबल्या. सगळ्यांचं दुखणं एकच: स्टिअरिंग ढिलं, पुढचं टोक खिळखिळं. लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. आधी ३ नंबरचा प्रश्न वाचा, मग खिशात हात घाला.

१. माझ्या जीपला हेच जुनं स्टिअरिंग आहे की कुणीतरी बदललंय, कसं ओळखू?

पुढच्या बंपरमागे वाकून चासीच्या आडव्या पट्टीखाली बघा. मधोमध एका उभ्या पिनेवर फिरणारा, पुढेमागे झुलणारा लोखंडी तुकडा दिसला तर तो बेलक्रँक, आणि तुमचं स्टिअरिंग मूळ पद्धतीचं आहे. साखळी अशी चालते: स्टिअरिंग बॉक्स, त्याला ड्रॉप आर्म, तिथून चासीच्या कडेने पुढे जाणारी ड्रॅग लिंक, मग बेलक्रँक, आणि बेलक्रँकपासून दोन्ही चाकांकडे एकेक टाय रॉड. बेलक्रँक नसेल आणि एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत एकच लांब रॉड असेल, तर एक तर गाडी नंतरच्या मॉडेलची आहे किंवा कुणी कलाकारी केलेली आहे. तुम्हाला इथले ६ आणि ७ हे प्रश्न लागू नाहीत, बाकीचे बहुतेक लागू आहेत.

२. थोडा प्ले (ढिलाई) असायचाच म्हणतात. किती चालतो?

केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ९८ प्रमाणे स्टिअरिंगच्या चाकावर ३० अंशांपेक्षा जास्त ढिलाई नको. सतरा इंची चाकावर हे ३० अंश म्हणजे कडेने मोजले तर जवळजवळ साडेचार इंच. कायदा उदार आहे, असं म्हणावं लागेल. साडेचार इंच प्ले घेऊन मी कसारा घाट उतरणार नाही, तुम्हीही उतरू नये. नीट जुळवलेल्या जीपला इंच-दीड इंच राहतो आणि तो सवयीने कळतही नाही. मात्र तुम्ही कालपर्यंत आजकालची पॉवर स्टिअरिंगची कार चालवत असाल, तर तेवढाही खूप वाटेल. तो दोष गाडीचा नाही.

त्याच नियमात आणखी एक गोष्ट आहे जी फारसं कुणी बघत नाही: बॉल जॉइंटला रबराच्या टोप्या हव्यात आणि बोल्ट-पिना नीट लॉक केलेल्या हव्यात. स्प्लिट पिनेच्या जागी खिळा किंवा तार दिसली तर तिथेच थांबा आणि ती आधी बदला.

३. प्ले नेमका कुठे आहे, हे घरच्या घरी कसं शोधायचं?

दोन माणसं लागतात, हत्यार एकही नाही. गाडी सपाट जागी चाकांवरच उभी ठेवा, जॅक लावू नका, इंजिन बंद. एकाने आत बसून स्टिअरिंग थोडंसं डावीकडे, थोडंसं उजवीकडे असं हलवत राहायचं, चाकं वळतील इतकं नाही, फक्त प्ले संपेपर्यंत. दुसऱ्याने खाली प्रत्येक जोडावर बोट असं ठेवायचं की बोटाचं एक टोक एका भागावर आणि दुसरं दुसऱ्या भागावर. डोळ्याला जे दिसत नाही ते बोटाला लगेच समजतं: चांगल्या जोडात दोन्ही भाग एकदम सरकतात, झिजलेल्यात एक आधी हलतो आणि मग दुसरा.

सुरुवात चाकाकडून करा आणि बॉक्सकडे या, उलट नको. क्रम असा: टाय रॉडची बाहेरची टोकं, आतली टोकं, बेलक्रँकची पिन, ड्रॅग लिंकचं पुढचं टोक, मागचं टोक, ड्रॉप आर्म, बॉक्सचा शाफ्ट आणि सर्वांत शेवटी बॉक्स चासीला धरणारे बोल्ट. प्रत्येक ठिकाणी जे सापडलं ते खडूने लिहून ठेवा. मग गाडी घोडीवर (लोखंडी स्टँडवर) घेऊन किंगपिन, म्हणजे चाक जिच्यावर डावी-उजवीकडे वळतं ती पिन, आणि व्हील बेअरिंग तपासा (प्रश्न ९).

हा क्रम का, तर एका हिशेबामुळे. बॉक्सचं गुणोत्तर मध्यावर १२ आणि कडेला १४ च्या आसपास आहे. म्हणजे ड्रॉप आर्मपाशी फक्त १ अंशाची ढिलाई असली, तर ती स्टिअरिंगच्या चाकावर १२ ते १४ अंश होऊन दिसते, जवळपास पावणेदोन-दोन इंच. बॉक्सच्या पुढे पाच-सहा जोड आहेत. प्रत्येक जोड केसभर झिजला की चाकावर भलामोठा प्ले जमतो, आणि शिव्या मात्र एकट्या बॉक्सला पडतात. या पानावरच्या निम्म्या प्रश्नांचं मूळ इथेच आहे.

४. गॅरेजवाला म्हणाला, 'बॉक्स टाइट करून देतो, पाच मिनिटांचं काम.' करू देऊ का?

प्रश्न ३ ची तपासणी झाली नसेल तर नको. झाली असेल आणि दोष बॉक्समध्येच निघाला असेल, तर पाच मिनिटांत नव्हे, नीट.

या जीपचा बॉक्स रॉस पद्धतीचा आहे. आत पेचदार खाचेचा कॅम, आणि त्या खाचेत फिरणाऱ्या दोन पिना असलेली लिव्हर. जुळवायच्या जागा दोन. पहिली, कॅमचा वरखाली खेळ. तो कॉलमच्या बुडाशी असलेल्या कव्हराखालचे शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) कमी करून काढायचा. दुसरी, पिना आणि खाच यांच्यातला प्ले. तो बाजूच्या कव्हरावरच्या स्क्रूने आणि लॉक नटने. पहिलं न करता दुसरं केलं की काम वाया. 'पाच मिनिटांचं काम' म्हणजे नेमका तो बाजूचा स्क्रू आवळणं.

ड्रॅग लिंक आधी सोडवा, नाहीतर हाताला काहीच कळणार नाही. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजा आणि बरोबर मधोमध आणा. बनवतानाच मध्यभाग थोडा घट्ट ठेवलेला असतो, कारण गाडी बहुतेक वेळ सरळ जाते. त्या जागेवरून जाताना हाताला जरासा अडथळा जाणवेल इतकाच स्क्रू आवळायचा. टोकांना थोडा प्ले उरतो, तो राहू द्या. मध्यावरचा प्ले काढल्यावर टोकांकडे स्टिअरिंग जड होऊन अडकायला लागलं, तर कॅम मध्यभागी झिजलेला आहे आणि पिना चपट्या झाल्या आहेत. आता स्क्रूने काही होणार नाही. कॅम आणि लिव्हर बदला. वळणावर अडकणारं स्टिअरिंग हे ढिल्या स्टिअरिंगपेक्षा जास्त घातक.

५. बॉक्समधून ऑइल गळतं म्हणून ग्रीस भरलंय. चालेल ना?

नाही. ग्रीस एकदा बाजूला ढकललं गेलं की परत पिनांकडे वाहून येत नाही, कॅम कोरडा फिरतो. बॉक्सला जाड गिअर ऑइलच हवं. गळती ड्रॉप आर्मच्या शाफ्टच्या सीलमधून असते. सील स्वस्त आहे. नवीन सील घातल्यावरही गळत असेल तर शाफ्टचा बुश झिजलाय आणि शाफ्ट हलतोय, म्हणजे प्लेचं एक कारण आयतंच सापडलं. ड्रॉप आर्म काढताना पुलर वापरा. हातोडा मारला की मार थेट आतल्या पिनांना बसतो.

६. बेलक्रँकची किट बसवली, सहा महिन्यांत पुन्हा ढिला. माल खराब होता का?

माल खराब असूही शकतो, पण सहसा भोक खराब असतं. बेलक्रँकच्या आत नीडल बेअरिंग असतात आणि ते एका पिनेवर फिरतात. पिन चासीच्या ब्रॅकेटमध्ये घट्ट बसलेली असते. ग्रीस मिळालं नाही की नीडल गंजतात, पिनेवर खाचा पडतात. इथपर्यंत किटचं काम. पण गाडी तशीच वर्षानुवर्षं चालवली तर पिन ब्रॅकेटमध्येच हलायला लागते आणि गोल भोक लांबट होतं. त्या भोकात नवीन पिन कितीही आवळली तरी ती पुन्हा सुटणारच.

म्हणून किट घेण्याआधी पिन काढून भोक बघा. लांबट झालं असेल तर दोन मार्ग: भोक रीमरने गोल करून लेथवाल्याकडून स्लीव्ह बसवून घेणं, किंवा मोठ्या मापाची पिन करून घेणं. मला स्लीव्ह बरी वाटते, कारण पुढच्या वेळी बाजारातली नेहमीची पिन चालते. भोवती वेल्डिंग भरून पुन्हा ड्रिल मारण्याचा प्रकार करू नका. भोक तिरकं झालं की बेलक्रँक तिरका झुलतो आणि दोन्ही चाकं वेगवेगळी वळतात.

नीडलऐवजी पितळी बुश? काही लोक मुद्दाम घालतात. पाण्या-चिखलात जाणाऱ्या गाडीला ते वाईट नाही, फक्त ग्रीस गन वेळेवर लावायला हवी. बेलक्रँकला ग्रीस भरायचं निपल आहे, रंगाखाली किंवा मातीखाली दडलेलं असतं. खरवडून बघा.

७. ड्रॅग लिंक उघडली आणि आतले तुकडे खाली पडले. बसवायचे कोणत्या क्रमाने?

ड्रॅग लिंकच्या प्रत्येक टोकात एक स्प्रिंग, बॉलच्या दोन्ही बाजूंना दोन वाट्या आणि शेवटी आट्यांचा प्लग असतो. दोन्ही टोकांत हे भरायचा क्रम सारखा नसतो. तसा तो मुद्दाम ठेवलेला आहे, म्हणजे चाकाकडून येणारा धक्का पुढून येवो की मागून, एक तरी स्प्रिंग तो झेलते. त्यामुळे दोन्ही टोकं एकदम उघडू नका. एक उघडा, निघेल त्या क्रमाने तुकडे वर्तमानपत्रावर मांडा, फोटो काढा, बसवा, मगच दुसरं. सगळं आधीच मिसळलं असेल तर अंदाजाने भरू नका. त्या मॉडेलच्या पार्ट्स बुकमधलं चित्र समोर ठेवूनच बसवा.

प्लग आवळण्याचं मूळ मॅन्युअलमधलं सूत्र: बॉलला घट्ट टेकेपर्यंत आवळा, मग पुढच्या टोकाला अर्धा फेरा आणि ड्रॉप आर्मकडच्या टोकाला एक पूर्ण फेरा मागे घ्या आणि नवीन स्प्लिट पिन घाला. पूर्ण आवळून ठेवलं तर प्ले जातो हे खरं, पण बॉलची मान अडकते आणि खड्ड्यात सगळा ताण ड्रॉप आर्मवर जातो.

बॉल गोल राहिला आहे का, हे कॅलिपरने दोन दिशांनी मोजा. अंडाकृती झालेल्या बॉलला नवीन वाट्या म्हणजे पैसे पाण्यात.

८. चाळीसच्या पुढे एखादा खड्डा लागला की पुढची चाकं जोरात डावी-उजवी नाचायला लागतात. गाडी थांबेपर्यंत बंद होत नाही. काय आहे हे?

वॉबलिंग. ज्याने अनुभवलंय त्याला वर्णन करायची गरज नाही. आधी गाडी चालवताना काय करायचं ते: स्टिअरिंग घट्ट धरा, ॲक्सिलरेटर सोडा, ब्रेक हळू लावा, रस्त्याच्या कडेला घ्या. अंगठे चाकाच्या आत अडकवू नका. स्पोक उलटा फिरून अंगठा मोडू शकतो.

आता कारणं, मी ज्या क्रमाने तपासतो त्या क्रमाने:

टायर आणि रिम. टायर एकसारखे आहेत का, हवा सारखी आहे का, रिम वाकडी आहे का. चाक वर उचलून फिरवा आणि कडेला खडू स्थिर धरा. वाकडेपणा लगेच दिसतो. बऱ्याच जणांचं काम इथेच, फुकटात होतं.

मग किंगपिन बेअरिंगचा दाब. बेअरिंग झिजली नसली, खेळ शून्य असला, तरी शिम जास्त असतील तर नकल (ॲक्सलच्या टोकाचा, चाकासह वळणारा सांधा) फार हलका फिरतो आणि नाचायला मोकळा होतो. मूळ रचनेत नकलला थोडा घट्टपणा हवाच (प्रश्न ९). खेळ नाही म्हणून हा भाग ठीक आहे असं धरणारे पुष्कळ, आणि म्हणून वॉबलिंग जात नाही.

मग टाय रॉडची टोकं, बेलक्रँक, कमान ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट, कमानींचे बुश. मग टो-इन, म्हणजे दोन्ही चाकं पुढच्या बाजूला किती आत वळलेली आहेत ते. शेवटी कास्टर, म्हणजे किंगपिनचा मागे झुकलेला कल: तो मूळचा ३ अंश आहे. कमानी बसल्या, शॅकल (कमानीचं टोक चासीला जोडणारी झुलती कडी) लांब घातले किंवा कमानीखालची पाचर उलटी बसली की तो बिघडतो.

बाजारात स्टिअरिंग डॅम्पर मिळतो, म्हणजे चाकांचं नाचणं दाबणारा आडवा शॉकअप. तो लावला की वॉबलिंग थांबतं आणि मालक खूश होतो. पण ढिलं होतं ते ढिलंच राहतं, फक्त आता ओरडत नाही. सगळं नीट केल्यावर लावायचा असेल तर खुशाल लावा.

९. चाक वरखाली हलतंय. व्हील बेअरिंग की किंगपिन?

चाक उचला, ॲक्सलखाली घोडी ठेवा. नुसत्या जॅकवर काम नको. चाक वर आणि खाली धरून हलवा. आता दुसऱ्याला ब्रेक दाबून ठेवायला सांगा आणि पुन्हा हलवा. खेळ गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर किंगपिन.

व्हील बेअरिंगला उपाय सोपा: चाक फिरवत नट आवळा, चाक जड झालं की साधारण सहावा भाग फेरा मागे घ्या, लॉक वॉशर वाकवा, दुसरा नट आवळा. चाकाचे नट सोडताना डाव्या बाजूला उलट आटे असतात हे लक्षात ठेवा. न कळून तिथे जोर लावून स्टड तोडणारे कायम भेटतात.

फोर-व्हील ड्राइव्ह जीपचा पुढचा ॲक्सल बंद नकलचा आहे. आत वर आणि खाली एकेक टेपर रोलर बेअरिंग, आणि दाब ठरवायला शिम. शिम कमी केले की दाब वाढतो. कमी करताना वरून आणि खालून सारखेच करा, नाहीतर आतला ॲक्सल शाफ्ट मध्यावरून सरकतो. तपासताना टाय रॉड सुटलेला हवा आणि नकलच्या गोलावरचं सील काढलेलं हवं. सीलचा घट्टपणा आणि बेअरिंगचा घट्टपणा हाताला सारखाच लागतो.

खालची बेअरिंग आधी जाते, कारण पाणी तिथे साचतं. कोकणात किंवा भातखाचरातून चालणाऱ्या गाडीचा नकल पावसाळ्यानंतर एकदा उघडून बघाच. आतलं वंगण दुधाळ, चहासारखं झालं असेल तर पाणी शिरलंय. सगळं धुऊन सील बदला. भरायला जाड गिअर ऑइल किंवा अर्धपातळ ग्रीस. घट्ट चासी ग्रीस भरलं तर ते वरच्या बेअरिंगपर्यंत जातच नाही. आणि गोलावर गंजाचे खड्डे असतील तर नवीन सील महिनाभरात फाटेल. खड्डे भरून, घासून गुळगुळीत करावे लागतात.

१०. माझी जीप टू-व्हील ड्राइव्ह आहे. तिला शिम सापडत नाहीत.

कारण तिचा पुढचा ॲक्सल साधा आहे. किंगपिन बुशमध्ये फिरते. उपाय म्हणजे नवीन किंगपिन, नवीन बुश आणि बुश बसवल्यावर दोन्ही एका रेषेत रीम करणं. हे काम रीमर असलेल्याकडेच द्या. एमरी पेपरने बुश घासून पिन घुसवणारे भेटतील, तिथून निघा. बुशमधलं ग्रीसचं भोक आणि निपलचं भोक समोरासमोर आलं आहे ना, हे तुम्ही स्वतः बघा.

११. गाडी एका बाजूला ओढते. अलाइनमेंट दोनदा केलं, फरक नाही.

टेप घ्या आणि दोन्ही बाजूंना पुढच्या हबपासून मागच्या हबपर्यंतचं अंतर मोजा. फरक निघाला तर कुठल्या तरी कमानीचा सेंटर बोल्ट तुटला आहे आणि ॲक्सल पाट्यांवरून सरकला आहे. वरून काही दिसत नाही, कारण यू-बोल्ट सगळं धरून असतात. अंतर सारखं असेल तर हवा, मग ब्रेक चिकटतोय का, मग एका बाजूची कमान जास्त बसली आहे का. फक्त ब्रेक लावल्यावरच ओढत असेल तर तो ब्रेकचा प्रश्न; या पानाचा नाही.

१२. कमानी बसल्यात. पाटे ठोकून घेऊ की नव्या घेऊ?

मूळ पाटे पावणेदोन इंच रुंदीचे आहेत. ठोकून बाक दिलेला पाटा काही दिवस छान उभा राहतो, मग परत बसतो, कारण पोलादाची ताकद थंड ठोकण्याने परत येत नाही. गरम करून, बाक देऊन, पुन्हा पाणी चढवणारे जुने कमानवाले आहेत; तसा माणूस असेल तर जरूर करून घ्या. नाहीतर नव्या घ्या. मेन पाट्याच्या डोळ्यापाशी किंवा सेंटर बोल्टच्या भोकापाशी चीर दिसली तर विचारच करू नका, तो पाटा बाद. पाट्याला वेल्डिंग कधीच नाही.

बदलायच्या तर जोडीने बदला. यू-बोल्टही नवे घ्या. एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा नीट आवळत नाही. गाडी थोडी चालवल्यावर ते पुन्हा एकदा आवळावे लागतात, ही गोष्ट बिलावर कोणी लिहीत नाही.

१३. शॅकल सुटत नाही. जितका जोर लावतोय तितका घट्ट होतोय.

मग तो उलट आट्यांचा असणार. जुन्या जीपला यू आकाराचे आट्यांचे शॅकल आहेत आणि त्यांतले काही डाव्या आट्यांचे. शॅकलच्या दांड्यावर छोटा उठाव आणि बुशच्या डोक्यावर गोल खाच, ही त्याची खूण. माती खरवडून बघा. या शॅकलना ग्रीस लागतं. याउलट ज्या कमानीच्या डोळ्यात रबरी बुश आहे तिथे ग्रीस लावू नका, रबर फुगतं. रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा. हवेत लटकवून आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

१४. उंची वाढवायला एकेक पाटा वाढवला, तेव्हापासून स्टिअरिंग विचित्र वागतंय.

बेलक्रँक चासीवर आहे आणि नकल ॲक्सलवर. दोघांना जोडणारे टाय रॉड चासी उचलली की तिरके होतात, तिरक्या रॉडची आडवी पोच कमी होते आणि टो बिघडतो. शिवाय प्रत्येक खड्ड्यात तो बदलत राहतो. जितकी उंची जास्त तितका त्रास जास्त. म्हणून टो नेहमी गाडी चाकांवर, नेहमीच्या वजनासह मोजा. पाटा काढून टाकलात तर उत्तमच. वडापच्या काळात पाटे वाढवायचे ते पंधरा माणसं भरायची म्हणून. तुम्हाला रविवारी दोघांना घेऊन सिंहगडाला जायचंय.

१५. नवे शॉकअप घातले तर स्टिअरिंग सुधारेल?

उसळी कमी होईल, प्ले जाणार नाही.

१६. अलाइनमेंटवाला म्हणतो, या गाडीचा डेटा मशिनमध्ये नाही.

त्याला हे आकडे द्या: कास्टर ३ अंश, कॅम्बर (चाकाचा वरून बाहेर झुकलेला कल) दीड अंश, किंगपिनचा कल साडेसात अंश, टो-इन ३/६४ ते ३/३२ इंच, म्हणजे साधारण १.२ ते २.४ मिलिमीटर. यांतला फक्त टो-इन टाय रॉड फिरवून जुळतो. कास्टर पाट्याखाली पाचर घालून थोडा बदलता येतो. कॅम्बर आणि किंगपिनचा कल जुळवता येत नाहीत. ते चुकलेले असतील तर बेअरिंग झिजली आहे किंवा ॲक्सल वाकला आहे.

मशीन नसलं तरी चालतं. आधी बॉक्स बरोबर मध्यावर आणा (प्रश्न ४), मग बेलक्रँक सरळ येईल अशी ड्रॅग लिंक जोडा, आणि मग दोरी ताणून प्रत्येक चाक वेगवेगळं जुळवा. फक्त एका रॉडवर सगळा हिशेब काढला तर टो बरोबर येईल, पण गाडी एका बाजूला कमी वळेल.

१७. टाय रॉड थोडा वाकलाय. गॅसवर गरम करून सरळ करू?

नाही. नवा घ्या.

१८. सुटे भाग कुठे मिळतात? 'लोकल' माल घ्यावा का?

पुण्यात जुना बाजार, मुंबईत कुर्ल्याचे भंगारवाले, उत्तरेत दिल्लीचं काश्मिरी गेट. हरियाणातली मंडी डबवाली जीपसाठीच प्रसिद्ध आहे. रबर, सील, शिम, पाचर यांत लोकल माल चालतो. टाय रॉडची टोकं, ड्रॉप आर्म, बेलक्रँकची पिन यांत तडजोड नको. विकत घेताना एक साधी परीक्षा: टाय रॉड एंडचा बॉल हाताने हलवा. नवा बॉल सहज लुळा पडत असेल तर ठेवून द्या. जुना कंपनीचा, न वापरलेला माल मिळाला तर रबर मात्र बदला. खोक्यात पडून ते तडकलेलं असतं. आणि जुन्या गाड्यांचे आटे इंची आहेत, त्यामुळे दुकानदार 'तेवढ्याच मापाचा' म्हणून मेट्रिक बोल्ट देईल तो आवळून बघितल्याशिवाय घेऊ नका.

१९. हे सगळं काढून बोलेरोचं पॉवर स्टिअरिंग बसवलं तर?

तांत्रिकदृष्ट्या होतं, लोक करतात. पण मूळ जीपची चासी त्या बॉक्सच्या जागी पातळ आहे. आतून पट्टी न जोडता नवीन बॉक्स लावला की बोल्टभोवती चिरा पडतात. जुन्या बॉक्सच्या जागीही अशा चिरा असतात, त्या आताच बघून घ्या. कायद्याची बाजू वेगळी: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट केलं. विमा कंपनी अपघातानंतर हाच मुद्दा काढू शकते. माझं मत विचाराल तर नीट जुळवलेलं मूळ स्टिअरिंग उभ्या गाडीत जड आणि चालत्या गाडीत पुरेसं हलकं असतं.

२०. माझी जीप पन्नास वर्षांपेक्षा जुनी आहे. व्हिंटेज म्हणून नोंदवली तर पार्ट बदललेले चालतात का?

२०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेल्या दुचाकी-चारचाकीला व्हिंटेजची नोंदणी मिळते, नंबरात 'व्हीए' येतं. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, पुनर्नोंदणीचं ५,०००. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार नकोत. बुश, बेअरिंग, पिना, पाटे हा झिजणारा माल आहे आणि तो त्याच प्रकारचा बदलणं म्हणजे देखभाल. प्रश्न १९ मधला बदल मात्र आड येऊ शकतो. आणि व्हीए नंबरची गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, चाचणी, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. रोज शेतावर न्यायची असेल तर नेहमीची नोंदणी दर ५ वर्षांनी नूतनीकरण करत राहा. त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते, तेव्हा प्रश्न २ मधल्या रबरी टोप्या आणि स्प्लिट पिना आदल्या दिवशी बघून ठेवा.